मेव्हण्यापेक्षा खाली

रविवार, १४ जुलै. संध्याकाळी.
आजचा अपमान लिहून ठेवतोय. राग शिळा होऊ नये, एवढ्यासाठीच.
पेट्रोल पंपामागच्या मैदानात आमच्या खाली बसवलेल्या, म्हणजे रस्त्याला टेकतील इतक्या बुटक्या केलेल्या, गाड्यांचा रविवारचा मेळावा. शेगडीवर मांस, डिकीतले स्पीकर, सगळं नेहमीचं. माझी कोर्सा रांगेत शेवटची. उंची कंपनीने दिलेली तीच, पण पॉलिश कालच केलेलं. तेवढ्यात क्लेवरसनने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, सगळ्या मैदानाला हाका मारल्या. या या, म्हणे, फरोफाला सावली कुठे मिळाली बघा.
फरोफा म्हणजे आमच्या गल्लीतलं पिवळं भटकं कुत्रं. मांसाच्या वासाने दर रविवारी क्लेवरसनच्या गाडीमागे पळत येतं. ते माझ्या कोर्साखाली चारी पाय पसरून घोरत होतं. बाकी एकाही गाडीखाली त्याचा कान शिरला नसता. क्लेवरसन म्हणाला की दाजी, तुम्ही गाडी नाही, कुत्र्याला घर घेतलंय.
सगळे हसले. मोठेपणाने मीही हसलो. लुसिनेयाही हसली, कडेवर आमची तान्ही लेक हेलोआ घेऊन. बायकोने नवऱ्याकडे बघून हसायचं असतं, नवऱ्यावर नाही. असो.
क्लेवरसन, तुझी जिरवली नाही तर नावाचा जोसिमार नाही.

सोमवार, १५ जुलै.
सुडाची सुरुवात झाली. सकाळी चहाच्या वेळी लुसिनेयाला सांगून टाकलं की एक सप्टेंबरला हेलोआचा बाप्तिस्मा आहे, त्यात धर्मपिता म्हणून क्लेवरसन उभा राहणार नाही. ती म्हणाली की लेक झाली तेव्हा हॉस्पिटलात तुम्हीच त्याच्या गळ्यात पडून शब्द दिलात. मी म्हणालो, तेव्हा आनंदात होतो, आनंदातले शब्द धरायचे नसतात. मग कोण उभा राहणार, असं तिने विचारलं. नाव सुचेना. कोणीही चालेल म्हणालो. तिने कपबशी जरा जोरात आपटली.
संध्याकाळी क्लेवरसन स्वतः आला. शांत होता, ते जास्त झोंबलं. म्हणाला की दाजी, २५ ऑगस्टला मेळाव्यात सगळ्यात खालच्या गाडीचा कप आहे. तुमची गाडी माझ्यापेक्षा खाली निघाली, तर मी धर्मपित्याचा हट्ट सोडतो. नाहीतर तुम्ही राग सोडा.
मी हात पुढे केला. लुसिनेया म्हणाली की दोघांचेही आटे ढिले झालेत, लेकराचा धर्मपिता गाडीच्या उंचीवर ठरवतात होय? तिला पुरुषांच्या गोष्टी कळत नाहीत.

बुधवार, १७ जुलै.
अर्लिंदो मेस्त्रीकडे गेलो. तीन मार्ग आहेत म्हणाला. पहिला, स्प्रिंग कापायची. फुकटात होतं, पण गाडी बकरीसारखी उड्या मारते. दुसरा, हवेवरचं सस्पेन्शन, क्लेवरसनकडे आहे ते. बटण दाबलं की गाडी खाली बसते, दाबलं की वर येते. पण त्याच्या किमतीत दुसरी कोर्सा येईल. तिसरा, आट्यांचं. शॉकॲब्सॉर्बरला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावर एक मोठी चकती. चकती खाली फिरवली की स्प्रिंग खाली, गाडी खाली. वर फिरवली की वर.
हवेचा मला तिटकारा आहे. हवा काय, निघून जाते. आटे म्हणजे लोखंड, ते दिल्या शब्दाला जागतं.
शिवाय मी गेली नऊ वर्षं गाद्यांच्या दुकानात स्प्रिंगच्या गाद्या विकतोय. स्प्रिंगमधलं मला कोण शिकवणार?

शनिवार, २० जुलै.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दिवसभर फोनवर अभ्यास केला. आट्यांच्या सस्पेन्शनमध्ये परवडणारे तीन सेट आहेत.
पहिल्याला दोन वर्षांची गॅरंटी. गॅरंटी देतात म्हणजे त्यांनाच खात्री नाही. बाद.
दुसऱ्यात आट्यांवर रबराचं झाकण येतं, धूळ-राख बसू नये म्हणून. त्याचे पैसे वेगळे. मी गाडी रोज पुसतो, मला झाकण कशाला? बाद.
तिसरा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आखूड. जाहिरातीतली गाडी रस्त्याला चिकटलेली, बाजूने ज्वाळा काढलेल्या. खाली एकाने लिहिलंय, पाठ कामातून गेली. त्याची पाठ आधीच कच्ची असणार. आणखी एकाने लिहिलंय, चकती जाम झाली, फिरत नाही. मग कशाला फिरवतोस? एकदा खाली बसवली की बसवली.
तिसरा घेतला. बारा हप्त्यांत. लुसिनेयाला सहा सांगितले.

गुरुवार, १ ऑगस्ट.
पार्सल अजून नाही. तोवर सुडाचा दुसरा भाग सुचला, आणि असा सुचला की गाद्यांच्या ढिगावर बसून एकटाच हसलो.
आमची गल्ली पुढे बंद आहे. टोकाला माझं घर. तोंडाशी सासूबाई दोना इरासेमा, क्लेवरसन त्यांच्याच घरात राहतो. त्याच्या फाटकासमोरच एक स्पीडब्रेकर झाला तर? चांगला उंच? रोज कामाला जाताना त्याची ती लाडकी गाडी नाक घासत जाईल. पंचवीस तारखेपर्यंत पुढचा बंपर हातात येईल.
निवडणूक तोंडावर आहे. गॅसवाला तियाओ नगरसेवक व्हायला उभा आहे, सिलिंडर पोचवतो तिथे मतं मागतो. मतासाठी तो नदी नसली तरी पूल बांधून देईल. त्याला सांगितलं की गल्लीत लेकरं खेळतात, गाड्या भरधाव येतात. डोळ्यांत पाणीही आणलं. तो म्हणाला की तुझ्यासारखे नागरिक हवेत. मला ते पटलं.

शनिवार, १० ऑगस्ट.
सस्पेन्शन आलं! लाल रंग. काय देखणं!
अर्लिंदोने हातात घेऊन वजन बघितलं आणि परत खोक्यात ठेवलं. थक्क झाला असणार. मग म्हणाला की बसवायच्या आधी आट्यांना भरपूर ग्रीस लाव, उसाचे फड जाळतायत, दिवसभर राख पडतेय, सगळी त्यात जाऊन बसेल. ग्रीस त्याच्याच दुकानात मिळतं. लगेच ओळखलं, माल खपवतोय. म्हणालो, कोरडंच बसव. आणि चकत्या पार तळाला.

शनिवार, १७ ऑगस्ट.
कोर्सा खाली बसली. आहाहा! बंपर आणि रस्ता यांच्यामध्ये काडेपेटी आडवी सरकते, उभी नाही. मोजून बघितलं. क्लेवरसनची बटण दाबून पूर्ण बसली तरी उभी काडेपेटी जाते. गेल्या रविवारी गुपचूप घालून बघितली होती.
गॅरेजपासून घरापर्यंत चार ठिकाणी घासली. आवाज जरा येतो. खड्ड्यात दात आपटतात. लुसिनेया हेलोआला घेऊन बसली आणि पुढच्या कोपऱ्यावर उतरून चालत घरी आली. म्हणाली की पोरीची मान सांभाळायचीय मला. बायकांना सवय व्हायला वेळ लागतो.
फरोफा आला, वाकून गाडीखाली बघितलं, नाक आत घालून बघितलं, मग निमूट भिंतीकडेला जाऊन उन्हात पडला. त्याच्या तोंडावरचे भाव बघण्यासारखे होते. पहिला सूड पूर्ण!

शुक्रवार, २३ ऑगस्ट.
स्पीडब्रेकर झाला. आणि काय झाला! तियाओने माणसं आणून एका दुपारीच करून टाकला. उंच, जाडजूड, वर पिवळे पट्टे. मतं जास्त म्हणून डांबरही जास्त, असा हिशेब असणार. बरोब्बर क्लेवरसनच्या फाटकासमोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
एकच गोष्ट खटकली. तियाओने त्यावर उभं राहून व्हिडिओ काढला आणि अख्ख्या गावाला सांगितलं की हा स्पीडब्रेकर आमचे जागरूक मित्र, गादीवाले जोसिमार, यांच्या मागणीवरून. नाव घ्यायची काय गरज होती? सासूबाईंनी तो व्हिडिओ मला तीनदा पाठवला, खाली एक अक्षर नाही.
लुसिनेयाने विचारलं की तुम्ही स्वतः त्यावरून कसे जाणार? हसू आलं. म्हणालो, अगं, हे ॲडजस्टेबल आहे. आटे वर फिरवायचे, पलीकडे जायचं, खाली फिरवायचे. त्यासाठीच तर पैसे मोजले.

शनिवार, २४ ऑगस्ट.
चकत्या फिरत नाहीत.
जॅक लावला, चाक काढलं, पाना लावला. एक इंचही नाही. आट्यांत काळी राख दगडासारखी बसलीय. तेल ओतलं. हातोडी मारली. पाना मोडला. तो पाना क्लेवरसनचा होता, मागच्या वर्षी आणलेला. तेवढं एक समाधान.
काही बिघडत नाही. उद्या वेगात जायचं. वेगात गेलं की उडी बसते आणि गाडी अलगद पलीकडे पडते. साधं विज्ञान आहे.
झोपण्याआधी विजयाचं भाषण पाठ केलं. आधी क्लेवरसनची माफी स्वीकारायची, मग नाकारायची.

रविवार, २५ ऑगस्ट.
आज काय घडलं ते शांतपणे लिहितो.
सकाळी क्लेवरसन निघाला. मी गल्लीच्या टोकाला कोर्सात बसून बघत होतो, त्याचा बंपर फुटायची वाट बघत. त्याने स्पीडब्रेकरपुढे ब्रेक लावला. बटण दाबलं. गाडी फुस्स करून वर आली, एखादी म्हातारी लुगडं वर धरून ओढा ओलांडते तशी पलीकडे गेली, आणि परत फुस्स करून खाली बसली. वर मला हात करून गेला.
बटणाचं मला माहीत होतं. याच वहीत लिहिलंय मी. पण खाली बसायला बटण, एवढंच डोक्यात राहिलं.
डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी सोडली सुसाट. उडी बसली नाही. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि पोट बरोब्बर पिवळ्या पट्ट्यांवर टेकलं. कोर्सा पुढे डुले, मागे डुले. मी उतरलो नाही. कप्तान जहाज सोडत नाही.
सासूबाई खुर्ची घेऊन फाटकात येऊन बसल्या. म्हणाल्या की जावईबापू, कॉफी तिथेच देऊ का? अख्खी गल्ली जमली. तियाओ आला आणि म्हणाला की बघा, स्पीडब्रेकरने काम केलं, गाडी थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
तिकडे मैदानात कपची स्पर्धा चालू होती, लुसिनेया आधीच तिकडे गेली होती. मी तिला फोन करून सांगितलं की पंचांना इकडे पाठव. माझी गाडी रस्त्याला टेकलीय, मधे कागदसुद्धा जात नाही. याच्यापेक्षा खाली गाडी असूच शकत नाही, कप माझा. थोड्या वेळाने तिने कळवलं की पंच म्हणतात, गाडी स्वतःच्या चाकांवर मैदानात यायला हवी. कप क्लेवरसनला दिला.
नियम ऐन वेळी बदलले. याचीही नोंद घेतलीय.
दुपारी आठ जणांनी उचलून कोर्सा परत माझ्या बाजूला ठेवली. आठांत क्लेवरसन होता. सगळ्यात जड कोपरा त्याने धरला होता, मुद्दाम.

मंगळवार, २७ ऑगस्ट.
दुकानात चालत गेलो. चालणं तब्येतीला चांगलं. पैजेप्रमाणे आता मी राग सोडायचाय. नवीन बेत आखतोय: बाप्तिस्म्याच्या दिवशी पोटात दुखायला लागलं तर?

शनिवार, ३१ ऑगस्ट.
पोटात दुखतंय म्हणालो. लुसिनेया म्हणाली की दुखू दे, पण लेकराला तिच्या बापाच्या गाडीतून चर्चमध्ये न्यायचंय, माझ्या भावाच्या नाही. सांगताना तिचा आवाज फाटला. मला वाटलं होतं, ती त्याच्या बाजूची आहे. पोटदुखी सोडून अंथरुणातून उठलो.
दुपारी क्लेवरसन आला. हातात गॅसचा बर्नर, जाम सोडवायचं तेल, नवीन पाना. थेट कोर्साखाली शिरला. चारी चाकं काढली. राख खरवडली, आटे तापवले, चकत्या फिरवल्या, पार वरपर्यंत. मग ग्रीस लावलं. मी पाने हातात देत होतो, म्हणजे देखरेख करत होतो. बाहेर आला तेव्हा तोंड काळं झालं होतं. म्हणाला की दाजी, आता पोरीची मान हलणार नाही.
एक बारीकसा टोमणाही मारला नाही. बाकी ठेवलाय. मी ओळखतो त्याला.

रविवार, १ सप्टेंबर.
बाप्तिस्मा झाला.
कोर्सा स्पीडब्रेकरवरून गेली, आवाज न करता. मागे लुसिनेया, हेलोआ आणि सासूबाई. सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.
चर्चमध्ये हेलोआ माझ्या हातात भोकाड पसरून रडत होती. क्लेवरसनने घेतली आणि गप्प. फादरांनी धर्मपित्याचं नाव विचारलं. त्याने आपलं नाव सांगितलं, घसा खाकरून दुसऱ्यांदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नव्हता. मूर्ख, रडत होता. आजपासून तो मला दाजी म्हणणार नाही, कोम्पाद्रे म्हणणार. लेकराचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना तसंच म्हणतात, मरेपर्यंत.
मग सासूबाईंच्या अंगणात जेवण. मांस, भात, सगळा गोतावळा. फरोफा दिसेना. माझ्या लगेच लक्षात आलं. फाटकाबाहेर कोर्साखाली, चारी पाय पसरून, घोरत होता.
माझ्यामागून फाटकात आलेल्या क्लेवरसनलाही दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं. अंगणात तीस माणसं होती, एक हाक मारली असती तर सगळी धावत आली असती. मी तयार होतो. उत्तरही तयार होतं, चौदा जुलैपासून.
तो वाकला, कुत्र्यापुढे एक हाड ठेवलं, माझं ताट घेतलं आणि म्हणाला की कोम्पाद्रे, तुम्हाला अजून वाढू का?
हसला असता तर बरं झालं असतं. निदान उद्यापासून काही काम उरलं असतं.