सालीची एक पट्टी

नेदर विंटन, डॉर्सेट
१९ ऑगस्ट १८८६

प्रिय केझ,

तुझ्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं झाली. सफरचंदं तर यंदा फांद्या मोडतील इतकी लागली आहेत. आणि मी लग्न करतेय. आधी पोटभर हसून घे. बेचाळिसाव्या वर्षी! सप्टेंबरच्या अकरा तारखेला, शनिवारी.

नवरा म्हणजे आपल्या शाळेचे मास्तर, अँब्रोज हॅलेट. विधुर आहेत, डोक्यावर केस बेताचेच, आणि शब्दांचं भारी वेड. लंडनला कुणी मोठा शब्दकोश करतंय म्हणे, त्यांना मास्तर गावातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पाठवतात. जूनमध्ये 'पिथ' या शब्दाची पाळी आली आणि मास्तर दारोदार विचारत सुटले. खाटीक म्हणाला, "पिथ म्हणजे बैलाच्या कण्यातला मऊ दोर. तुमच्यात आहे का बघू, मास्तर?" पाववालीनं सांगितलं, "पावाच्या आतला मऊ भाग. दात पडले की तोच खायचा." म्हाताऱ्या सॅम्वेजच्या मते पिथ म्हणजे अंगातली रग, आणि ती हल्लीच्या पोरांत औषधालासुद्धा उरलेली नाही.

शेवटी स्वारी माझ्या दारात. चरबीत बुडवून दिव्यासारख्या जाळायच्या काड्यांसाठी मी लव्हाळे सोलत बसले होते. रॉकेलचे दिवे आले तरी माझी ती सवय सुटत नाही. एक लव्हाळा सोलून आतला पांढरा गाभा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "हा घ्या तुमचा पिथ. बाकीच्यांनी इथूनच उचललाय."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "अहो थर्झाबाई, हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतही हाच अर्थ आहे! आधी झाडाचा गाभा, मग हाडातला, मग अंगातलं बळ, मग बोलण्यातलं सार." दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्याही दिवशी. मी म्हटलं, एका शब्दाला किती दिवस लागतात हो तुम्हाला? कानापर्यंत लाल झाले, आणि विचारूनच टाकलं.

इथवर सगळं आनंदाचं. पण त्यांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय बघ. 'सोलताना सालीची एक बारीक पट्टी राखावी लागते, नाहीतर गाभा तग धरत नाही. सांगणारी थर्झा पिट, जिच्या हातून एकही काडी वाया गेली नाही.' ते वाचलं आणि मी चिठ्ठी पालथी घातली.

आपल्या घरच्या त्या काड्या तू विसरली नसशील. आईनं चरबी वितळवली, काड्या आत सोडल्या आणि सगळ्याच्या सगळ्या मोडून लगदा झाला. एकीवरही पट्टी नव्हती. अख्खा हिवाळा आपण उजेडावाचून काढला. "डाव्या हाताचं काम, दुसरं काय!" म्हणत आईनं तुझ्या मुस्काटात मारली, आणि पंधरा दिवसांत तू बाथला नोकरीला निघून गेलीस.

केझ, त्या काड्या मी सोलल्या होत्या. तुझ्या नेहमीच्या काड्यांपेक्षा पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून पट्टीसुद्धा ओढून काढली. आई तुझ्यावर ओरडत होती आणि मी पातेल्यात बघत उभी होते. आईच्या मातीला तू आली नाहीस तेव्हा गाव तुला नाही नाही ते बोललं. तेव्हाही मी गप्पच.

काल मास्तरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "लग्न थांबत नाही, चिठ्ठी थांबवतो. बहिणीचं उत्तर येऊ दे."

चर्चमध्ये माझ्या बाजूला बसायला माझं असं कुणीच नाही. येशील?

तीस वर्षं तोंड न उघडलेली,
थर्झा

बाथ
२४ ऑगस्ट

थर्झे,

माझे गुडघेही तुझ्यासारखेच, सगळं उशिरा करतात.

अगं, मला माहीत होतं. तुझी नखं आठवडाभर हिरवी होती. मी त्या वेळी लव्हाळ्यांना हातही लावला नव्हता. बोलले नाही, कारण तू बारा वर्षांची होतीस आणि आईचा हात जड होता. बाथला तर मला जायचंच होतं, आयतं निमित्त मिळालं. राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. दर नाताळाला तुझं पत्र फोडायचे, आणि त्यात काड्यांबद्दल अक्षर नाही, नुसती सफरचंदं आणि डुकरं. आईच्या मातीला आले नाही ते त्याच रागापायी. ते माझं चुकलं, आणि ते मला फार लागून राहिलंय.

तुझं पत्र चुलीशी उभ्यानं वाचलं. इतकी रडले की रस्सा करपला. बाईसाहेब धावत आल्या, "काय झालं?" म्हटलं, "माझ्या बहिणीचं लग्न आहे!" त्यांनी सुट्टी दिली आणि वर केकसाठी मनुकाही.

मास्तरांना म्हणावं, चिठ्ठी अशी दुरुस्त करा : 'एकदाच वाया घालवल्या, पण सगळ्या एकदम.' मग खुशाल पाठवा.

मी चार तारखेच्या गाडीनं येतेय. लव्हाळे आत्ताच कापून भिजत घाल. ऊन असलं तर लग्नाच्या जेवणापर्यंत शंभर काड्या तयार होतील. सोलायला दोघी बसू, पट्टीकडे मात्र मी बघेन.

तुझी डावखुरी,
केझ