सिनेमातली आई आणि घरातला जिंटू

पूजनीय बायदेउ,

धाकट्या बहिणीचा तुझ्या पायांवर माथा. गुवाहाटीच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? इथे मी ठीक, बदकंही ठीक.

तुझ्या कानावर आलंच असेल, मी सिनेमात काम केलं. (हसून घे, मग पुढे वाच.) मृगांक नावाचा एक दाढीवाला पोरगा गावात आला आणि चहाच्या दुकानात म्हणाला, वाया चाललेला मुलगा आणि त्याची आई यांच्यावर सिनेमा काढायचाय, खरी माणसं हवीत. अख्ख्या दुकानानं आमच्या घराकडे बोट दाखवलं. बंगळूरचा कारखाना सोडून आल्यापासून आमचा जिंटू बोलत नाही आणि बोललाच तर ताटं फुटतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. मला वाटलं, मृगांकवरही एखादं ताट जाणार. तर हा त्याच्यामागे दिवसभर दिवे उचलत फिरायला लागला! (घरातला बल्ब बदल म्हटलं की कोण भडका.)

मग मुलाचं कामही मृगांकनं जिंटूलाच दिलं. एका प्रसंगात त्यानं ओरडायचं, "तू माझी आईच नाहीस," आणि मी थोबाडीत मारायची. तो पहिल्याच खेपेला असा ओरडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (घरी हेच मी फुकट ऐकते.) माझा हात मात्र उठेना. मृगांक समजावून थकला, बदकं मधून फिरून गेली, मंडळींचा भात निवला. शेवटी जिंटूच हळूच म्हणाला, "मा, मार गं. सगळे उपाशी आहेत." मारली. गालावर बोटं उठली आणि तो हसला. बंगळूरहून आल्यानंतर पहिल्यांदाच.

सिनेमाच्या शेवटी मुलगा घर सोडून जातो. आई फाटकाशी उभी राहते, हाक मारत नाही. माझ्या तोंडून हाक निघायची आणि मृगांक म्हणायचा, मावशी, गप्पच राहायचं. अखेर जमलं. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघाली, तर जिंटू पिशवी घेऊन तिच्यात चढला. मी फाटकाशी उभी, तशीच गप्प. आता गप्प राहा म्हणणारं कुणी नव्हतं, तरीसुद्धा. त्यानं मागे वळून पाहिलं होतं, बायदेउ. भात मी अजून दोघांचा लावते. बदकं लठ्ठ झालीत.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
भद्रेश्वरी

ता. क. सिनेमा तुमच्या गुवाहाटीत दाखवणार आहेत, मला बोलावणं आलंय. मी काही येत नाही. मागावरचा गामोसा अर्धाच विणून झालाय.

आणखी एक. जिंटू तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे. (तू फोनवर एवढी गोड कधी बोलत नाहीस.) शनिवारच्या बसने येते आहे. त्याला सांगू नकोस, पळून जाईल. नाही, सांगच. पळायचं असेल तर पळू दे. पण जेवून.