काळं शिंग आणि नसलेलं दार

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (तुला एक थोरली बहीण आहे. आठवलं का? तुला कडेवर वागवून जिची कंबर वाकली, ती.) मागच्या पत्राला तुझं उत्तर दोनदा आलं. दोन्हींत मजकूर तोच, आणि मी विचारलं होतं त्याचा पत्ता दोन्हींत नाही. तब्येत कशी आहे? गुडघे वाजतात का? माझे वाजतात, पण त्यांच्याकडे बघायला सध्या सवड नाही, कारण मी दार झाले आहे.

सांगते. नातीच्या शिवणकामाच्या खोलीचं दार फार करकरायचं. मीच घरमालकाला जिन्यात गाठून म्हटलं, हे घेऊन जा आणि नीट करून आण. त्याने इतक्या तत्परतेने नेलं की मी त्याला आशीर्वादसुद्धा देऊन बसले. ते दार गेलं ते गेलंच. आता म्हणतो, खोली रिकामी करा, मेव्हण्याचा माल ठेवायचाय. नाहीतर सोमवारी हमाल आणून मशीन रस्त्यावर ठेवतो. नात आणि मी तक्रार घेऊन सरकारी कचेरीत गेलो तर साहेब रजेवर, आणि त्यांच्या खुर्चीतला म्हणतो, तुम्हाला बाहेर काढलं असं कसं म्हणायचं, आत जायला तर मोकळंच आहे की! ती खोली गेली तर नातीच्या पोटावर पाय. म्हणून मी उंबऱ्यात स्टूल टाकून बसते. बसते म्हणजे काय, बसवत नाही. वारा आला, उठते. जिन्यात पाऊल वाजलं, उठते. कुत्रं डोकावलं तरी मशीनवर हात ठेवून उभी राहते.

माझं मन रमावं म्हणून नात शिवता शिवता तिची गोष्ट सांगते. (मुलांच्या साप्ताहिकात येते ती. हे पत्रही तीच लिहितेय. मधेच फिदीफिदी हसते, म्हणजे मी सांगितलं त्याहून भलतंच उतरवत असणार. मला काय कळणार, सगळी अक्षरं मला उसवलेल्या टाक्यांसारखी दिसतात.) गोष्टीत एक वीर आहे, गडाच्या दाराशी एकटा उभा. आत उपाशी पोरं, बाहेर सैन्य. त्याच्या झोळीत एका राक्षसिणीचं काळं शिंग. ते फुंकलं की पाताळातून सावल्या येतात आणि शत्रूला गिळतात. पण दर वेळी फुंकणाऱ्याच्या काळजातली थोडी माया घेऊन जातात. नात म्हणते, फुंकू दे. मी म्हटलं, खबरदार! गरज काय, ती दर आठवड्याला नवी येते. आज सैन्यासाठी फुंकेल, उद्या शेजारचा कोंबडा फार आरवतो म्हणून फुंकेल. आणि काम झालं की त्या सावल्या परत जातात हे हिला कोणी सांगितलं? पाहुणे जात नाहीत, सावल्या कुठून जायला! यावर पोरीने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "आजी, त्याचं मन स्वच्छ राहावं म्हणून आतल्या पोरांनी मरायचं का?"

मी चहा मागितला. चहा झाला, तर आणखी अर्धा कप मागितला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तो बिचारा वीर शिंग तोंडाशी धरून ताटकळतोय, साप्ताहिकवाल्यांचा तगादा चालू आहे, आणि मी काही हो म्हणत नाही.

आज सकाळी घरमालक मोजपट्टी घेऊन आला. माझ्या डोक्यावरून पट्टी ताणली, जशी काही मी कपाट. म्हणाला, "आजी, जरा पाय आवरा, माप चुकतंय." आणि मी आवरले रे! त्याचाच राग जात नाहीये.

बाकी सर्व ठीक. थंडीत कान झाकत जा.

तुझी
ताई

ता. क. तुझ्या बायकोला पाठव. सोमवारच्या आत. मागच्या वेळी मी कानाला खडा लावला होता, ठाऊक आहे मला. वरून पाणी ओतणाऱ्या शेजारणीसाठी तिला बोलावलं होतं. तिने गॅलरीत उभं राहून एकदाच तोंड उघडलं. शेजारीण घर सोडून गेली. पण पलीकडची गुणी मास्तरीणही गेली, आणि दूधवाला अजून पायरीवर पातेलं ठेवून पळतो. तिच्यापुढे घरमालक टिकायचा नाही. दार स्वतःच्या डोक्यावरून आणून बसवील. तिला एवढंच सांग की ताईला तुझी आठवण येते. (खोटं नाही. दूधवाला पळाला की येतेच.)

आणखी एक ता. क. वीराला शिंग फुंकायची परवानगी दिली. पण त्याने चांगलं केलं असं गोष्टीत कुठेही म्हणायचं नाही, आणि सावल्यांचा मुक्काम त्याच्याच घरी, पोरांच्या नव्हे. तेव्हा तुझी बायको आली की माझी खाट तिची, माझी उशी तिची, आणि उठल्यापासून निजेपर्यंत ती जी नावं ठेवील ती ऐकायची मी. नातीला एक शब्द लागू देणार नाही. (नात आता हसत नाहीये, नाक पुसतेय. सर्दी झाली असेल.)

शेवटचं. तिच्याबरोबर तुझ्या कोंबड्यांची अंडी पाठव. पण उकडून पाठव. कच्ची दिलीस तर गाडीत बसायच्या जागेवरून तिचं जे भांडण होईल, त्यातून एकही शाबूत पोचायचं नाही.