खुडलेले शेंडे

तंजावूर, कार्तिक, १९६५

पापनाशमला अक्काच्या शेतावर जाऊन आलो. भात करपलंय. एक पान कापून पाण्याच्या पेल्यात धरलं, तर कापल्या कडेतून दुधासारखे धागे उतरले. जंतूच. धडधाकट पान त्यांना सहजी आत घेत नाही, मग शिरले कुठून? लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले, त्या जखमांतून. अक्काला तेवढं सांगितलं. पण खोडकिड्याची अंडी निघून जातील म्हणून खुडायला सांगितलं होतं कुणी? मीच. शेतकी अधिकारी म्हणे!

पेल्याकडे बघत अक्का म्हणाली, "मीच जास्त खुडले असतील रे."

'नाही', एवढंच मला म्हणायचं होतं. मी पेला बांधावर रिकामा केला आणि बस गाठली.