मुलीच्या मैदानासाठी हायड्रॉलिक दाताळं

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोज सहाला उठायचं ठरवलं. उठलो. दहा मिनिटं उशीर झाला, कारण गजर फार मिळमिळीत वाजतो.

मुलगी चालवते त्या बालवाडीची तपासणी तीस तारखेला. मैदान सपाट आणि बिनदगडी असेल तरच परवानगी, नाहीतर नव्या वर्षाची मुलं घेता येणार नाहीत. मागच्या जागेत पूर्वी कुणीतरी बांधकामाचा राडारोडा पसरून ठेवलेला. पावलागणिक दगड. ट्रॅक्टरच्या मागे दाताळं लावून दगड गोळा करणारा एक माणूस तिने वीस तारखेसाठी ठरवला होता. त्याच्या यंत्राचा फोटो पाहिला. शी! नुसता मोठा कंगवा. वर पिवळा रंग.

सांगून टाकलं, रद्द कर. मी बनवतो. आणि साधं नाही, हायड्रॉलिक. तेलाच्या दाबाने दाताळं हवं तिकडे वळणार आणि दगड निमूट कडेला जाणार. तिने तीनदा विचारलं, नक्की ना बाबा? एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढली म्हटलं. (स्टोअरमध्ये का असेना, पंप माझ्याच हातून जायचे.) तिने माझ्यासमोर फोन करून माणूस रद्द केला.

पंधरा तारखेपर्यंत यंत्र तयार. पाच दिवस हातात राखीव.

४ मार्च, सकाळी ९.४०
सहाला उठणं शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं आहे असं वाचलं. लोखंड गार असतं.

हिच्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला. नऊ फूट रुंदी, सव्वीस दाते. ही म्हणाली, पुढच्या पानांवर महिन्याचा हिशोब आहे, निदान तेल सांडू नका. कलेची कदर नाही.

५ मार्च
भंगारवाल्याकडे गेलो. किती घाण! माणूस टायरवर बसून किल्लीने कान कोरत होता आणि त्याच किल्लीने कुलूप उघडलं. वाकडे लोखंडी दाते तेवीसच मिळाले. उरलेले तीन दुसऱ्या कुठल्या तरी अवजाराचे, दोन इंच लांब. लांबून पाहिलं तर फरक कळत नाही. मी लांबूनच पाहिलं.

८ मार्च, दुपार
वेल्डर. या माणसाबद्दल लिहितानाही अंगावर काटा येतो. हातमोज्याने नाक पुसतो आणि तोच हात पुढे करतो. करावा लागला शेकहँड. घरी येऊन तीनदा साबण लावला.

वर अक्कल शिकवतो. तीन दाते लांब आहेत, ते जमिनीत घुसतील म्हणे. मी म्हटलं, तू जोड. मग विचारतो, ट्रॅक्टरला मागे तेलाचं आउटलेट आहे ना, काका? मला काका! माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल फार तर. म्हटलं, मेहुण्याचा ट्रॅक्टर आहे तो, स्कूटर नाही, सगळं असतं.

११ मार्च
धक्कादायक. ही आणि मुलगी रोज सकाळी बादल्या घेऊन मैदानावर दगड वेचतात, असं कळलं. आठ दिवसांपासून! मला न सांगता! एक चतुर्थांश मैदान साफ केलंय.

म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. संताप गिळून शांतपणे समजावलं की चाचणीसाठी दगड शिल्लक लागतात, यंत्र चालवायचं कशावर? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ही म्हणाली, बरं, तुमच्यासाठी दोन बादल्या वेगळ्या ठेवते. उपहासाचा वीट आलाय मला.

१५ मार्च
यंत्र तयार होण्याचा दिवस. नव्वद टक्के तयार आहे. सिलिंडर, होज म्हणजे तेलाची नळी, आणि वळवण्याची यंत्रणा एवढंच बाकी.

१६ मार्च, संध्याकाळ
सिलिंडर मिळाला. जुन्या डंपिंग ट्रॉलीचा. उघडताच आतलं तेल थेट शर्टावर आलं. काळं, चिकट, सडक्या अंड्यासारखा वास. दोन अंघोळी झाल्या, वास तसाच. हिने माझी उशी दिवाणावर नेऊन ठेवली आहे.

१८ मार्च
मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला. हिचा धाकटा भाऊ. तासभर उशिरा. सीटवर केळ्याची सालं, स्टिअरिंगवर केळ्याची बोटं. स्वच्छता ही काय चीज असते, हे त्या घरात कुणालाच माहीत नाही. (हीसुद्धा त्याच घरातली, पण सुधारली.)

घोडं अडलं ते इथे. ट्रॅक्टर बावीस वर्षांचा. मागे आउटलेट नाही. मेहुणा केळं खात म्हणतो, भाऊजी, यात तेल फक्त अवजार उचलायच्या दांड्यांना जातं, बाहेर द्यायची सोयच नाही, आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी का विचारू? ट्रॅक्टर त्याचा, सांगायचं काम त्याचं.

मुलीने हळूच विचारलं, तो माणूस परत बोलावू का? माझा इतका पाणउतारा कारखान्यातही झाला नव्हता. साफ नाही म्हटलं.

१९ मार्च, पहाटे ५.५५ (!)
झोपेतून उपाय घेऊनच उठलो. ट्रक उचलायच्या जॅकचा हातपंप लावायचा! तेलाचा दाब तो दाबच, इंजिनाने दिला काय आणि हाताने दिला काय. यंत्र हायड्रॉलिकच राहतं. ट्रॅक्टर मेहुणा चालवेल, बाजूने चालत कुणीतरी पंप मारेल. हिला विचारलं. हिने दिलेलं उत्तर लिहिण्याजोगं नाही.

पंप मीच मारेन.

२२ मार्च
अंगणात चाचणी. वेल्डरही आला होता, नाक घेऊन. दाताळं वळतं! चाळीस वेळा पंप मारला की वीतभर वळतं. नऊ फुटी यंत्राला एवढा भारदस्तपणा शोभतोच. वेल्डर हसला असं वाटलं, पण त्याचं तोंड मुळातच तसं आहे.

खांदा दुखतोय. मलम लावलं. मलमाच्या वासावर तेलाचा वास. मलाच माझी शिसारी आली.

दरम्यान दोघींनी मैदान जवळजवळ साफ केल्याचं कळतं. घाईला औषध नाही.

२४ मार्च, दुपारी १२.३०
आज प्रत्यक्ष मैदानावर. तपशीलवार लिहितो, कारण पुढे लोक उलटसुलट सांगतील.

पहिली फेरी उत्तम. यंत्र जमिनीला भिडलं. लांब तीन दात्यांनी जरा जास्त मनापासून काम केलं, त्यामुळे मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घोटाभर खोल तीन चर पडले. आणि मातीखाली दडलेले दगड वर आले. शेकडो! यंत्राची ताकद यातून सिद्ध होते. वरवर साफ दिसणाऱ्या जमिनीचं खरं रूप मी बाहेर काढलं, हे कुणी बोलायला तयार नाही.

मुलगी बादली पालथी घालून तिच्यावर बसली. मेहुण्याने हातातलं केळंही खाल्लं नाही.

मध्यावर वळवायला गेलो. एकतिसाव्या पंपाला होज फुटली. तेल उडालं ते समोरच्या भिंतीवर. मुलीने महिनाभर खपून तिथे ससा, हत्ती, जिराफ रंगवले होते. जिराफ वाचला. वळवणारा आधार वाकला, लांब दाते खोल रुतले, ट्रॅक्टरला उचलेना. मेहुण्याने यंत्र जोडलेल्या पिना काढल्या आणि म्हणाला, भाऊजी, मी निघतो. यंत्र मैदानाच्या बरोबर मध्ये उभं. असल्या नातेवाइकांची किळस येते.

२५ मार्च
मुलीने त्या पिवळ्या कंगव्यावाल्याला फोन केला. तो पुढच्या महिन्यापर्यंत गुंतलेला. धंदेवाईक लोक! माणुसकी नाही.

वेल्डरला निरोप पाठवला, येऊन यंत्र कापून ने. त्याचा उलट निरोप: काका, तीस तारखेनंतर.

२८ मार्च
बालवाडीतल्या मुलांचे आईबाप सकाळपासून मैदानावर. रांग करून दगड वेचतायत, चर बुजवतायत. बावीस माणसं. मुलगी भिंत खरवडून हत्ती पुन्हा रंगवतेय. ही घमेली वाहतेय, पदर खोचून.

मी खांद्यामुळे खुर्ची घेऊन यंत्राच्या सावलीत बसलो आणि रांग सरळ ठेवायला सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं. एका बाईने विचारलं, आजोबा, जरा पाय उचलता का, खाली दगड आहे. उचलले.

यंत्रावर ताडपत्री टाकली. ताडपत्रीलाही उंदरांचा वास.

३० मार्च, दुपारी ३.००
तपासनीस बाई अकराला आल्या. कडक इस्त्री, कपाळाला आठ्या. मैदान बुटाने दाबत दाबत फिरल्या. भिंत पाहिली. हत्तीशी थांबल्या, चांगलाय म्हणाल्या. मग ताडपत्री उचलली. सव्वीस दाते. विचारलं, हे काय आहे?

मी पुढे झालो. सगळं भाषण तयार होतं, दाब, कोन, लिव्हर. तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, आधीच्या लोकांनी टाकून दिलेलं भंगार आहे, मॅडम, या आठवड्यात उचलून नेतोय.

बाईंनी लिहिलं. मैदान योग्य. मध्यभागी टोकदार, धोकादायक भंगार, सात दिवसांत हटवावे, मग परवानगी. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, खरंच आधीपासून आहे का हो?

मी म्हटलं, हो. आम्ही आलो तेव्हापासून असंच पडलंय.

हे कोण, असं त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, माझे बाबा, रोज सकाळी दगड वेचायला येतात. बाई पहिल्यांदाच हसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, या वयात फार मोठं काम केलंत. त्यांचा हात स्वच्छ होता. माझ्या नखांत अजून काळं तेल आहे. हात कुठे लपवावा कळेना. मुलगी दुसरीकडे बघत होती.

त्या गेल्यावर बादली घेतली. मैदान उभं आडवं, चारही कोपरे, भिंतीच्या कडेपर्यंत वाकून वाकून फिरलो. दीड तास. एकही दगड सापडला नाही.