चौथ्या भागाचा चेहरा

११ ऑक्टोबर

ताई,

साष्टांग नमस्कार. साष्टांग घालणारा भाऊ काहीतरी मागायलाच आलेला असतो असं तू म्हणतेस, तेव्हा तसं समजूनच वाच. फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितोय.

आईचा गुडघा कुरकुरतोय. जिभेचा मात्र एकही सांधा दुखत नाही. नजर अधू झालीय, विसरतेही फार, पण माझ्या लग्नाचा विषय तेवढा विसरत नाही. भाऊजींची रात्रपाळी सुटली का?

माझं म्हणशील तर प्रकाशनात नुसती धावपळ आहे. त्या अंतराळ-मालिकेचा चौथा भाग येतोय, म्हणून आधीचे तीनही नव्या रूपात काढायचं ठरलंय. पुस्तकं ओळीने उभी केली की त्यांच्या कण्यांवर मिळून एक यान दिसणार. म्हणजे ज्यांच्याकडे जुनी आहेत त्यांनीही पुन्हा घ्यायची! विक्रीचे साहेब म्हणतात, "लोकांना वाचायला वेळ नसतो हो, पण संच अपुरा राहिला की झोप लागत नाही." तिसऱ्याच्या शेवटी चौथ्याचं पहिलं प्रकरण जोडायचं, संचाला खोका करायचा, कव्हरवर लाल पट्टी लावायची. मी सगळं मुकाट्याने करतो. हसू नकोस, पोटासाठी आहे.

पट्टीवर छापणार आहेत, "ती परत आलीय!"

आता मुद्द्याचं लिहायलाच हवं. पहिल्या भागात यानात लपून बसलेली नऊ वर्षांची मुलगी होती आणि कव्हरवर काढायला मला तिच्यासाठी चेहरा हवा होता, तेव्हा तुझी भिंगरी डोक्यावर पातेलं घालून माझ्या स्टुलावर बसली होती. तुला आठवत असेल. आठवत असेल काय, पातेलं तुझंच होतं. दुसऱ्या भागाला ती अकराची, तिसऱ्याला तेराची. पुस्तकातली मुलगी आणि आपली बरोबरीने वाढल्या. मग आपली तापाने गेली आणि पुस्तकातली तेवढी उरली. चौथ्या भागात ती चार वर्षांच्या झोपेतून जागी होते, सतरा वर्षांची होऊन. लेखकाला दोष देऊ नकोस. आपल्या नायिकेचा चेहरा कुणाचा, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मी आधी दुसरंच तोंड काढून दिलं. साहेब म्हणाले, "ही ती नव्हे. वाचक ओळखणार नाही." मग हेल्मेटची काच खाली ओढून चेहरा झाकला. "झाकलेला चेहरा बघून पुस्तक कोण उचलणार?" म्हणाले. सरळ नाही म्हणालो असतो, पण करारानुसार ती कव्हरं चेहऱ्यासकट त्यांच्या मालकीची आहेत. मी हात काढून घेतला तर दुसरा कुणीतरी जुनी तीन कव्हरं समोर ठेवून तिला मोठी करणार.

म्हणून बसलो. तुझा कॉलेजातला फोटो समोर ठेवला. गाल जरा उतरवले, हनुवटी तुझी घेतली, भिंगरीच्या भुवईतली खोक तशीच राहू दिली. मनातून वाटत होतं, बिघडावं. नाही बिघडलं. चित्र जमलं, ताई, आणि जमलं याचंच मला रडू आलं.

वाळायला टेबलावर ठेवलं होतं. आई चहा घेऊन आली आणि चष्म्याशिवायच त्याच्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "अरे, ही कधी आली? जेवली का?"

मी "हो" म्हणालो.

सोबतच्या गुंडाळीत त्याच चित्राची प्रत आहे. साहेबांना अजून दाखवलेलं नाही. तू नको म्हणालीस तर फाडून टाकतो आणि नोकरीही सोडतो. पण पुढे जे छापलं जाईल ते मग माझ्या हातात नसेल, हेही तुला माहीत असावं. पुस्तकांच्या दुकानांत काचेमागे मोठं पोस्टर लागणार आहे, तुझ्या रस्त्यावरच्या दुकानातही. भाजी आणायला गेलेली तू, आणि ती अचानक समोर उभी, असं होऊ नये.

तुझा
धाकटा

ता. क. पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागाचं कव्हरही ठरलंय. काळं. त्यावर कोणीच नाही. साहेबांच्या मते लोक तेवढ्यावरून समजतील आणि रांगा लावतील. आज ना उद्या तुला कळलंच असतं.


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

नमनाला घडाभर तेल घालायची तुझी खोड काही जात नाही. गुडघा, कणे, खोके हे सगळं वाचून होईपर्यंत माझा जीव जात होता, कारण गुंडाळी मी आधीच उघडली होती.

तुझे भाऊजी चित्र बघून उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. मी अडवलं नाही. तुझ्यावर तर मी इतकी चिडले होते की समोर असतास तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. मग चिडूनच नीट बघितलं, आणि चूक सापडली.

केस चुकलेत. सतराव्या वर्षी तिने एवढे लांब ठेवलेच नसते. वेणी घालताना रोज भांडायची माझ्याशी. मोठी झाले की पहिले हे कापणार, म्हणायची. मी म्हणायचे, आधी हो तरी मोठी.

तेवढे काप. मानेपर्यंत. मग दे साहेबांना. मोठी व्हायचीच असेल तर मामाच्या हातून होऊ दे, परक्याच्या नको.

दुकानाचं म्हणशील, तर पोस्टर लागलं की मी जाणार आहे. ते काढेपर्यंत रोज जाणार आहे.

आईला सांग, पोटभर जेवली.

चौथा भाग निघाला की एक प्रत पाठव. पाचवा पाठवू नकोस. तो आमच्याकडे आधीच येऊन गेलाय.

तुझी
ताई