सुतळीचं वजन

सोमवार, १ तारीख

पोचले एकदाची. लेकाचं नवं घर बघून जीव सुपाएवढा झाला. ही वही सुनेनं दिली. म्हणाली, आई, तुमची टकळी थोडी कागदावर चालवा, तेवढीच आमच्या कानांना सुट्टी. मी चौथी पास, पण पन्नास वर्षं शिवणकाम केलं, गिऱ्हाइकांची मापं लिहिली. हात अगदीच अडत नाही.

घर म्हणजे तीन खोल्या आणि मधे लांब बोळ. आधी इथे दवाखाना होता. डॉक्टर सगळं घेऊन गेले, बोळातला वजनाचा काटा तेवढा राहिला. माणसाएवढा उंच, लोखंडी, वर ताटाएवढी तबकडी आणि सुई. चौघांनी ओढला तरी हलला नाही म्हणे. मग राहू दे म्हणाले.

आणि माझी नात. सात वर्षांची, घरात सगळे सुतळी म्हणतात. हुबेहूब माझ्यावर गेली आहे. मलाही जन्मभर पाप्याचं पितर म्हणाले लोक. सासूबाईंनी तर सोयरीक ठरताना माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरीला आतून काही दुखणं नाही ना. मी अडुसष्टची झाले. विचारणारे गेले सगळे, मी अजून सुईत दोरा ओवते.

बुधवार, ३ तारीख

सून सुतळीच्या वजनापायी झुरते. औषधांच्या दुकानात कामाला आहे ना, येणारी प्रत्येक बाई हिला नवी पावडर सुचवते. आज आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चांगली आहे बाई. रक्त तपासलेलं होतं, ते वाचलं, पोरीला पळवलं, उड्या मारायला लावल्या. म्हणाली, काहींचा बांधाच बारीक असतो, आजीकडे बघा की. खाते, खेळते, उंची वाढते, मग हा आजार नव्हे. एकदम आणखी वाळली, दमायला लागली, तर मात्र लगेच आणा. तिथल्या काट्यावर एकोणीस किलो भरली.

मी येताना सुनेला म्हटलं, ऐकलंस ना. ती म्हणाली, तुम्ही दोघी एकाच माळेचे मणी, तुम्हाला काय कळणार.

शनिवार, ६ तारीख

रोज सकाळी शाळेआधी लेक सुतळीला बोळातल्या काट्यावर उभी करतो आणि आकडा पेन्सिलीनं भिंतीवर लिहितो. आज बावीस. तीन दिवसांत तीन किलो. लेकानं तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचवली. बस चालवणारा माणूस, एरवी हसायचं म्हणजे त्याला ब्रेक लागतो. म्हणाला, आई, तुझा पायगुण. मी कशाला नाही म्हणू.

मीही उभी राहिले. अडतीस. लग्नात होते तेवढीच.

सुतळीला फ्रॉक शिवायला घेतला. छाती बावीस इंच.

मंगळवार, ९ तारीख

काटा पंचवीस म्हणतो. फ्रॉक अंगावर घालून बघितला तर सैल. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा टेप लावली. साडेएकवीस.

पन्नास वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. जाड्या बायका पोट आत ओढून उभ्या राहायच्या, तरी मी खरं तेच लिहायची.

लेकाला सांगितलं. तो म्हणाला, आई, तुझी टेप जुनी झाली, ताणली असेल. आता ताणलेली टेप माप कमी दाखवते हे खरं, पण मी ती कालच नवी आणली आहे. त्याला ते ऐकायचं नव्हतं. आकडा वाढतोय ना, मग झालं. पोरीकडे कोणी बघतच नाही, सगळे तबकडीकडे बघतात.

गुरुवार, ११ तारीख

काटा अठ्ठावीस. टेप एकवीस. शाळेच्या दारातून घरापर्यंत सुतळी दोनदा बसली. मी उचलून आणली. कापसाची पिशवी उचलावी तशी.

तिला विचारलं, काट्यावर काही होतं का गं. म्हणाली, काही नाही, फक्त मागचं जोरात टेकतं. मागचं कोण, विचारलं. तिला वाटलं होतं मीच असते.

शुक्रवार, १२ तारीख

आज लेकाच्या आधी उठून काट्याच्या पाटावर शिवणाचा खडू कुटून पसरला. वजन झालं. एकोणतीस. सुतळी उतरली, लेक आकडा लिहून कामाला गेला. मी वाकून बघितलं.

दोन पावलं सुतळीची. त्यांच्या मागे, टाचेला बोटं लावून, आणखी दोन. लांब. बोटं फार लांब.

पदरानं पुसून टाकलं.

सुनेला सांगितलं तर म्हणाली, आई, तुम्हीच उभ्या राहिला असाल. डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं. वाढलेलं वजन घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली.

सोमवार, १५ तारीख

सुतळी शाळेत गेली नाही. उठवत नाही तिला. टेप साडेएकोणीस.

दुपारी घरात आम्ही दोघीच. तिला कडेवर घेऊन काट्यावर चढले. मागे काहीतरी टेकलं, गार, लोखंडासारखं. मी म्हटलं, बाबा रे, जो कोण असशील तो. बारीकच हवं ना तुला. मीही जन्माची बारीक. ही कोवळी आहे, मी मुरलेली. हिला सोड.

मग सुतळीला खाली उतरवलं. एकटी उभी राहिले.

सुई अडतीसवर आली. थांबली. मग पुढे सरकली. बावन्न.

मंगळवार, १६ तारीख

सुतळीनं दोन अंडी खाल्ली, वर केळं मागितलं. जिन्यावर धावली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आनंदानं. एका वेळी एकालाच धरतं ते. बरं झालं.

माझं वजन सत्तर. लेक म्हणाला, आई, हे घर तुला मानवलं. बांगड्या हातातून गळून पडल्या, त्याला दिसल्या नाहीत.

कंबर सतरा इंच. काल चोवीस होती.

बुधवार, १७ तारीख, सकाळ

मी संपले की परत तिच्याकडे जाणार. हे काल का सुचलं नाही —

हातोडा घेतला. उचलला जात नाही. लेकाला हाक मारली. माझ्या शेजारून गेला, बस चुकेल म्हणत.

दुपार

काट्यावरच बसले आहे. मी इथे असेन तोवर ती चढणार नाही. सुई एकशे दहा. पेन्सील जड लागते. टेप कमरेला दोनदा — नाही, तीनदा गुंडाळली —

सुतळी आली. दप्तर टाकलं. हाका मारते आहे. मी ओ दिली —

पुन्हा दिली.

बोळात आली. माझ्याकडेच बघते आहे. म्हणते, आजी कुठे गेली, वही इथेच टाकून —

चढू नकोस बाळा चढू नको मी इथे

तिनं एक पाय —